पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले नाही: नवा पीसी उघडण्याआधी

प्रश्न असा आहे. पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सुट्टीत पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड (पुढे नुसतं ‘बोर्ड’ म्हणतो), १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा). बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, रॅमचे रंगीत दिवे नाचतात, मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ दाखवून झोपी जातो. पंधरा-वीस सेकंद वाट बघून तो मशीन बंद करतो, बोर्डवरचा सेल काढतो, पाच मिनिटांनी परत घालतो आणि पुन्हा चालू करतो. असं दोन दिवस चाललंय. रूममेट म्हणतो एसएमपीएस कमी पडतोय. दुकानदार म्हणतो बोर्ड घेऊन या, बघू. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, त्याने विचारलंय: ‘बोर्डच्या उजव्या कडेला एक बारीक पिवळा दिवा लागून राहतो, ते नॉर्मल आहे का?’

अरे, तो पिवळा दिवा हाच तुझा प्रश्न आहे. बाकी सगळी प्रस्तावना झाली. (माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.)

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. सेल जागेवर बसलाय ना बघ. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाच्या पोर्टात लाव, बोर्डच्या नाही. मशीन चालू कर आणि उठून जा. खरंच उठून जा, समोर बसलास की हात शिवशिवतील. चहा टाक, पी, कप विसळून ठेव. पंधरा मिनिटं मशीनकडे फिरकायचं नाही. मधे ते आपणहून एक-दोनदा बंद होऊन परत चालू झालं तरी होऊ दे.

कारण सांगतो. डीडीआर५ रॅम इतक्या वेगाने चालते की प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या प्रत्येक रेषेवर सिग्नल नेमका किती उशिरा पोचतो आणि कितव्या व्होल्टेजला त्याला एक म्हणायचं, कितव्याला शून्य, हे आधी मोजून घ्यावं लागतं. बोर्ड वेगळा, रॅम वेगळी की आकडे वेगळे. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड हेच करत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्या वेळात पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा असतो आणि बोर्डवरचा रॅमचा दिवा पेटलेला राहतो. एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डवरची तुझा प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२ च्या सप्टेंबरात आला तेव्हा तर हा काळा पडदा काही मिनिटं राहायचा, आणि लोक घाबरून बोर्ड परत करायला निघायचे. एका बोर्ड कंपनीने शेवटी रॅमच्या स्लॉटवरच स्टिकर चिकटवून पाठवले: इतकी रॅम असेल तर इतके सेकंद थांबा. नंतरच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये, हा वेळ बराच कमी झाला, पण दुकानात पडून असलेल्या बोर्डात बायोस जुनाच असतो.

एकदा मोजमाप झालं की बोर्ड ते जपून ठेवतो. तू मात्र वीस सेकंदांत वीज तोडतोस आणि वर सेल काढून पाटी कोरी करतोस. पोरगं पाढे म्हणायला लागलं की ‘बे त्रिक सहा’ला त्याला गप्प करायचं आणि परत ‘बे एके बे’पासून सुरू करायला लावायचं, असा हा प्रकार आहे. दोन दिवसांत त्याचा बेचा पाढा पूर्ण झालेला नाही.

माझा अंदाज, तुझं काम इथेच होईल. नाही झालं तर खालचं.

पंचवीसेक वर्षं मी हाच धंदा करतोय. ‘पीसी चालू होत नाही’ असं म्हणत जो येतो, त्याला मी पहिला प्रश्न विचारतो: म्हणजे नक्की काय होतं? हे चार वेगळे आजार आहेत आणि चौघांची औषधं वेगळी. काहीच होत नाही, ना दिवा ना आवाज, हा एक. पंखा एकदा झटका देतो आणि थांबतो, हा दुसरा. पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले नाही, तो तिसरा, तुझा. आणि डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही, तो चौथा, आणि तो खरं तर आजारच नाही. आपण यातल्या कुठल्या पायरीवर आहोत हे ठरवायच्या आत जो पार्ट बदलायला जातो, तो स्वतःचे किंवा दुकानदाराचे पैसे घालवतो. नव्या मशीनमध्ये तर निम्म्या वेळा एकही पार्ट खराब नसतो.

म्हणून रूममेटचं निदान आधी निकालात काढू. तुझा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो, ४०६० कार्ड ११५ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून अजून पन्नास-साठ धर. अडीचशे-पावणेतीनशेच्या वर जायचं नाही. तेही गेम पूर्ण जोरात चालू असताना. आत्ता तर पडद्यावर काही आलेलंच नाही, म्हणजे ओढ त्याच्या एक चतुर्थांशही नसेल. ६५० चा एसएमपीएस कमी पडायचा प्रश्नच नाही. तो खराब असू शकतो, पण ती गोष्ट वेगळी आणि तिची लक्षणंही वेगळी.

आता त्या दिव्याबद्दल. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या आसपास चार बारीक दिवे असतात. शेजारी अगदी बारीक अक्षरात सीपीयू, डीआरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लाव, फोटो काढ, मोठा करून वाच. बोर्ड चालू होताना या क्रमाने एकेक गोष्ट तपासतो. जी तपासतोय तिचा दिवा पेटतो, ती पास झाली की विझतो. ज्या दिव्यावर गाडी अडली, तिथे दुखणं आहे किंवा त्याच्या अलीकडेपलीकडे. पुष्कळ बोर्डांवर सीपीयूचा लाल, रॅमचा पिवळा, कार्डाचा पांढरा असतो. दिवे नसलेला स्वस्त बोर्ड असेल तर तपकीर गल्लीतून बोर्डवर लावायचा छोटा बझर आणायचा, तो टूँ-टूँ करून तेच सांगतो. कुठल्या आवाजाचा काय अर्थ ते बोर्डच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक खोक्यात असतं. कुणी उघडलेलं मी अजून पाहिलं नाही.

पंधरा मिनिटांनंतरही पिवळा दिवा तसाच असेल तर रॅमकडे वळ. एसएमपीएसचं मागचं बटण बंद कर, वायर काढ, कॅबिनेटचं पुढचं बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मग दोन्ही रॅम काढ. एकच रॅम घ्यायची आणि प्रोसेसरच्या बाजूने मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये घालायची. पहिल्या नाही, दुसऱ्या. चार स्लॉटच्या बोर्डात रेषा अशा आखलेल्या असतात की दुसरा आणि चौथा हे आपापल्या रेषेच्या टोकाचे स्लॉट ठरतात. पहिल्यात रॅम लावून टोक रिकामं ठेवलं की सिग्नल त्या रिकाम्या टोकावर आपटून परत येतो. डीडीआर३ च्या जमान्यात हे खपून जायचं. डीडीआर५ ला खपत नाही. दोन रॅम असतील तर दुसरा आणि चौथा, यात तडजोड नाही.

रॅम बसवताना अनेक बोर्डांना खटका एकाच टोकाला असतो, दुसरं टोक नुसती खाच. खटक्याचा ‘टक्’ आवाज आला म्हणून लोक थांबतात आणि दुसरं टोक एक मिलिमीटर वरच राहिलेलं असतं. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून दाब. नव्या बोर्डला दाब भरपूर लागतो, बोर्ड थोडा लवतोही. एका रॅमवर पुन्हा दहा मिनिटं थांब. मग ती काढून दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. एक चालली आणि एक नाही, तर रॅम खराब. दोन्ही दुसऱ्या स्लॉटमध्ये चालतात पण चौथ्यात एकही नाही, तर रॅम निर्दोष आहे आणि प्रकरण सॉकेटकडे गेलं. रॅमचे सोनेरी पाय खोडरबरने घासायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. जुन्या, धूळ खाल्लेल्या रॅमला ते ठीक, कालच पाकिटातून निघालेल्या रॅमला कशाला?

सॉकेट. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डला असतात: १७१८, केसाएवढ्या. जुन्या एएम४ च्या अगदी उलट. प्रोसेसर बसवताना तो हातातून निसटला, कोपऱ्यावर टेकला, तर पाचसहा पिना माना टाकतात, आणि त्या नेमक्या रॅमच्या एका चॅनेलच्या, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या एका वाटेच्या, असतील तर दिवा रॅमचा लागतो, दोष भलतीकडेच. प्रोसेसर उचलून सॉकेटवर टॉर्च तिरका मारायचा आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. पिनांची चमक शेतातल्या सऱ्यांसारखी एकसारखी दिसली पाहिजे. जिथे ती तुटते तिथे पीन वाकलेली. दिसली तर सुई घेऊन सरळ करायला बसू नकोस. वाकलेली पीन हा हाताने केलेला बिघाड धरतात, वॉरंटी सहसा मिळत नाही, आणि तू सरळ करताना मोडलीस तर दुरुस्तीचीही सोय राहत नाही. सॉकेटवर आलेलं काळं प्लास्टिकचं झाकण फेकलंस का? कचऱ्यात असेल तर शोध. बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर ते लागतं.

याच जागी अजून एक खोडी आहे, आणि ती मला स्वतःला कळायला बरीच वर्षं गेली. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला की प्रोसेसर सॉकेटमध्ये किंचित तिरका दाबला जातो, पलीकडच्या पिना नीट टेकत नाहीत आणि बोर्ड म्हणतो रॅमच नाही. रॅम बदलली, बोर्ड बदलला, तरी तेच, कारण कूलर आवळणारा हात तोच. ७६०० च्या खोक्यात येणारा कूलर चार स्क्रूंचा असतो. चारही आधी दोन-दोन आट्यांवर पकडायचे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे, थोडे थोडे. शेवटाला लागले की थांबायचं. कूलर काढलाच आहेस तर खालचा भाग बघून घे. विकतचा मोठा कूलर असेल तर त्यावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते आणि ती न काढता बसवणारे महाभाग दर महिन्याला एक तरी येतात. त्याने मशीन चालूच होत नाही असं नाही; चालू होतं आणि तापून बंद पडतं.

लाल दिवा, म्हणजे सीपीयूचा, लागून राहिला असता तर मी तुला आधी बोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बघायला लावलं असतं. तिथे आठ पिनांचा एक कनेक्टर असतो, कॅबिनेटच्या कडेला आणि कूलरच्या मागे दडलेला. प्रोसेसरची वीज फक्त तिथून येते. २४ पिनांचा मोठा कनेक्टर पंखे फिरवतो, दिवे लावतो, त्यामुळे मशीन जिवंत वाटतं आणि प्रोसेसर मात्र उपाशी. वायर लावायची राहून जाणं ही नवशिक्याची चूक म्हणतात. मीही हे परवाच केलं.

त्या आठ पिनांची एक धोक्याची भावंड-जोडी आहे. ग्राफिक कार्डाला जाणारी वायरही आठ पिनांचीच दिसते. प्रोसेसरची चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन. आतली मांडणी उलटी: प्रोसेसरच्या वायरमध्ये खटक्याच्या बाजूच्या चारही पिना १२ व्होल्टच्या, कार्डाच्या वायरमध्ये त्याच बाजूला ग्राउंड. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून सहजी बसत नाही, पण जोर लावणाऱ्यापुढे प्लास्टिकचं काय चालतं! जोर लागतोय म्हणजे वायर चुकली. वायरच्या टोकावर सहसा नाव लिहिलेलं असतं, तेही बघ.

आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे वायरी दोन्ही बाजूंनी निघणारा, तर जुन्या एसएमपीएसची एकही वायर नव्याला लावायची नाही. बोर्डच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला मात्र प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीसुद्धा, पिनांची रचना वेगळी. बसतं मस्त. औंधचे एक गृहस्थ आले होते, जुन्या वायरी कॅबिनेटमध्ये सुरेख बांधलेल्या होत्या म्हणून त्यांनी फक्त एसएमपीएसचा डबा बदलला. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. मशीन वाचलं, मुलीच्या लग्नाचे फोटो असलेली हार्ड डिस्क वाचली नाही.

पांढरा दिवा म्हणजे कार्ड. कार्ड काढून टाक आणि मॉनिटर बोर्डच्या एचडीएमआयला लाव. ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक आहे, त्यामुळे तुला ही सोय आहे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरला, इंटेलचा १२४००एफ किंवा एएमडीचा ७५००एफ, ही सोय नाही. तिथे बोर्डच्या पोर्टातून काहीही येणार नाही, आणि तेवढ्यासाठी लोक बोर्ड बदलून आणतात. उलट बाजूने, कार्ड लावलेलं असताना बरेच बोर्ड स्वतःचं आउटपुट बंद ठेवतात. म्हणून कार्ड आहे तर वायर कार्डात, कार्ड नाही तर बोर्डात. कार्डाला वीज दिलीस ना? आणि मॉनिटरचं इनपुट एचडीएमआय-१ वर आहे की २ वर? हसू नकोस.

यातलं काही लागू पडलं नाही तर सगळं कॅबिनेटबाहेर काढ. हा माझा सर्वांत आवडता उपाय आहे आणि लोकांना नेमका याचाच कंटाळा येतो. बोर्डचं पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेव, त्यावर बोर्ड. ज्या चंदेरी पिशवीतून बोर्ड आला तिच्यावर ठेवू नकोस, तिच्यातून थोडीफार वीज वाहू शकते. बोर्डवर फक्त प्रोसेसर, कूलर, दुसऱ्या स्लॉटमध्ये एक रॅम, २४ पिनांची वायर, आठ पिनांची वायर, मॉनिटर. एसएसडी नाही, कार्ड नाही, कॅबिनेटच्या बटणाची वायर नाही, पुढचे यूएसबी नाहीत. चालू कसं करायचं? पुढच्या बटणाच्या दोन पिना पुस्तकातल्या चित्रात बघून शोधायच्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. बटण तेवढंच करतं. तिथे पाच व्होल्टच्या आसपासचा मामला असतो, झटका बसत नाही. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटात किंवा बाहेर ठेवलेल्या वस्तूंत. एकेक परत लावत जा, जी वस्तू लावल्यावर डिस्प्ले गेला ती गुन्हेगार. इथेही आला नाही तर उरल्या चारच गोष्टी: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस. दहा संशयितांचे चार झाले. दुकानात जायची खरी वेळ ही.

कॅबिनेटातला दोष म्हणजे बहुधा पितळी स्टँडऑफ, बोर्डखालच्या त्या छोट्या खुंट्या. मोठ्या एटीएक्स बोर्डला नऊ भोकं असतात, छोट्याला कमी. कॅबिनेटात मोठ्या बोर्डसाठी आधीच लावून आलेली एखादी खुंटी छोट्या बोर्डच्या भोकाखाली न येता मधेच कुठेतरी पाठीला टेकते आणि शॉर्ट करते. हाच तो दुसरा आजार: पंखा एकदा झटका देतो आणि सगळं शांत. एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. आणि एकदा असा रुसला की लगेच परत बटण दाबून उपयोग नसतो. मागचं बटण बंद करून मिनिटभर थांबावं लागतं, तेव्हा त्याचा राग जातो. लोक ते करत नाहीत, पाठोपाठ बटण दाबतात आणि ‘आता तर झटकाही देत नाही, पूर्ण गेला’ म्हणून रडत येतात. सुटलेला स्क्रू बोर्डखाली जाऊन बसणं, मागच्या पत्र्याच्या पट्टीची जीभ यूएसबीच्या पोर्टात घुसणं, हेही याच घरातलं. कॅबिनेट उचलून हलकेच हलव. आत काही खुळखुळलं तर निम्मं उत्तर मिळालं.

पहिला आजार, काहीच न होणं, हा दिसायला भयंकर आणि बहुतेक वेळा सोपा. एसएमपीएसच्या मागच्या बटणावर रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोलाची म्हणजे बंद. भिंतीचं बटण. स्पाइक गार्डचं बटण. २४ पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का, खटका अडकलाय का. कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर भलत्या पिनांवर आहे का. बटणाला उलटसुलट नसतं, दिव्यांना असतं. मग स्क्रूड्रायव्हरची युक्ती. त्यावर चाललं तर दोष बटणात. नाही चाललं तर एसएमपीएस एकटा तपासायचा: सगळ्या वायरी बोर्डपासून सोडवायच्या, भिंतीचं बटण बंद असताना २४ पिनांतली हिरवी वायर, म्हणजे १६ नंबरची पीन, आणि शेजारची काळी यांत यू आकाराची तार घालायची आणि मग चालू करायचं. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा रंगावर जाऊ नकोस, खटक्याची बाजू बघून पिना मोज. पंखा फिरला तर निदान जीव आहे. फिरला नाही म्हणून मेला असंही नाही, कारण बरेच नवे एसएमपीएस ओढ कमी असेल तर पंखा थांबवूनच ठेवतात. मल्टिमीटर लावावा हे उत्तम. काही शे रुपयांत येतो आणि आयुष्यभर पुरतो. १२ व्होल्टच्या रेषेवर ११.४ ते १२.६, पाचच्या रेषेवर ४.७५ ते ५.२५ यांत आकडा हवा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतले कपॅसिटर वायर काढल्यानंतरही बराच वेळ भरलेले असतात.

जाता जाता अर्थिंगचं बोलतो, कारण पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि कॉट-बेसिसच्या खोल्यांत हा प्रकार नेहमीचा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का? एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. भिंतीतली तिसरी पीन नुसती शोभेची असेल तर पत्र्यावर ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात, करंट अगदी कमी. त्याने मशीन चालू व्हायचं सहसा थांबत नाही, पण मशीन चालू असताना एचडीएमआयची वायर काढघाल केलीस तर कार्डाचा किंवा मॉनिटरचा पोर्ट जाऊ शकतो. घरमालकाला सांगून अर्थिंग करून घे. तो ‘आधीच्या मुलांची कधी तक्रार नव्हती’ असं म्हणेल.

चौथा आजार पटकन. हिरवा किंवा बूटचा दिवा लागलाय, पडद्यावर बोर्डचं नाव आलंय, पुढे काही नाही. एसएसडी नवी आहे, तिच्यात काहीच नाही, मशीन बूट कशावरून होणार? बायोसमध्ये जाऊन एसएसडी दिसते का बघ, विंडोजचा पेनड्राइव्ह लाव, झालं.

बायोसच्या अपडेटबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. तुझ्या प्रोसेसरला बहुधा गरज नाही. ७६०० हा २०२३ च्या जानेवारीतला आहे आणि तुझा बोर्ड त्यानंतर बनला असणार. हाच बोर्ड जुन्या स्टॉकमधला असता आणि प्रोसेसर २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ९००० मालिकेतला असता, तर बोर्डने प्रोसेसर ओळखलाच नसता. तसं झालं तर मागे फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं, बटण आहे का बघायचं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून, कंपनीच्या साइटवरची फाइल पुस्तकात दिलेल्या नावाने त्यात टाकून, खूण केलेल्या पोर्टात लावायचा आणि मशीन बंद ठेवूनच ते बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबायचं. प्रोसेसर नसला तरी चालतं. पाच-सात मिनिटं लागतात. फक्त हे गुरुवारी करू नकोस. महावितरणची देखभाल-दुरुस्ती आपल्याकडे गुरुवारीच निघते, आणि फ्लॅशबॅक परत करता येत असलं तरी उगाच कशाला.

दुकानात जायचंच झालं तर नुसता बोर्ड नेऊ नकोस. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस चारही ने, आणि तुझ्यासमोर जोडून दाखवायला सांग. नुसता बोर्ड दिलास तर तो त्यांच्या प्रोसेसर-रॅमवर चालेल, ‘बोर्ड ओके आहे’ अशी चिठ्ठी मिळेल आणि तू होतास तिथेच राहशील. सॉकेटचे फोटो द्यायच्या आधी त्यांच्यासमोरच काढ. पूर्ण कॅबिनेट रिक्षातून नेणार असशील तर ग्राफिक कार्ड काढून वेगळं घे आणि कॅबिनेट मांडीवर आडवं, बोर्ड खाली येईल असं धर. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत उभ्या कॅबिनेटातलं जड कार्ड स्लॉट फाडतं, आणि मग खरोखरच बोर्ड जातो.

आणि चहा पिऊन आलास आणि डिस्प्ले दिसला, तर तू पहिली गोष्ट काय करशील ते मला माहीत आहे. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाची रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करशील, कारण रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने न चालता ४८०० च्या आसपास दिसेल. कर, बरोबरच आहे ते. पण त्यानंतर मशीन रीस्टार्ट होईल, पडदा पुन्हा काळा पडेल, पिवळा दिवा पुन्हा लागेल आणि नव्या वेगासाठी मोजणी पहिल्यापासून सुरू होईल. तेव्हा सेलला हात लावू नकोस.